नऊ अंश आधी

लातूर,
८ जानेवारी २०२५

ती. अप्पांस,
शरणार्थ.

एक प्रश्न विचारायचा आहे आणि त्याचं उत्तर मला सापडलेलं नाही, हे आधीच कबूल करते. तुमच्या हातची गाडी चुकीची कशी निघू शकते?

आधी वाटलं फोन करावा. पण फोन अव्वा उचलणार आणि म्हणणार, "अप्पा कामात हायेत, पत्र लिही." ग्रॅज्युएट लेकीनं बापाला पत्र लिहावं, फोन काय कुणीबी करतंय, हा तुमचा दोन वर्षांपासूनचा कायदा. मला तो मनापासून आवडतो. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, तिचा असा मान दुसऱ्या कुणी ठेवला नसता. म्हणून लिहिते. नांदेड गाडीचे ड्रायव्हर हरिओमकाका पाकीट गॅरेजात पोचवतील.

काल किनवटच्या आश्रमशाळेतले शिक्षक अश्वजित सर त्यांची मोटरसायकल आमच्या वर्कशॉपला घेऊन आले. तुम्ही ऑक्टोबरात बांधून दिलेली तीच, जुनं लोखंडी इंजिन, मोठा पिस्टन, मोकळा सायलेन्सर. ते म्हणाले, "नांदेडच्या भीमाशंकर अप्पांच्या हातची आहे, काही करायचं नाही. फक्त ताकद किती निघते ते कागदावर बघायचंय." तुम्ही माझे वडील आहात हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. ओळखीवर नोकरी लागली असं कुणी म्हणायला नको. पण त्यांचं ऐकून मनातून इतकी फुगले होते की पट्टे बांधताना हात चुकला.

आमचा डायनो तुम्ही पाहिला नाही म्हणून सांगते. गाडीचं पुढचं चाक खाचेत अडकवतात, दोन्ही बाजूंनी पट्टे आवळतात आणि मागचं चाक जमिनीतल्या जड रोलरवर ठेवतात. गाडी जागच्या जागी पळते. रोलर किती जोरात फिरतो त्यावरून इंजिनाची ताकद कळते, स्क्रीनवर तिची रेघ चढत जाते. इंजिनाला एक बारीक माइक चिकटवतो, त्याचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये येतो.

रेघ छान चढली. मग एकदम डळमळली आणि खाली आली. त्याच क्षणी हेडफोनमध्ये असा आवाज आला, की पत्र्याच्या डब्यात कुणी छर्रे घालून हलवतंय. मी घाबरून गाडी बंद केली. आमचे मालक राजशेखर सर यांनी ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा लावून तिचं टायमिंग तपासलं. ठिणगी खुणेच्या नऊ अंश आधी पडत होती. नऊ, अप्पा! तुम्हीच मला शिकवलंय, पिस्टन वर येत असताना ठिणगी वेळेच्या फार आधी पडली तर स्फोट त्याच्या तोंडावरच बसतो. अशी गाडी लांब रस्त्याला जोरात पळवली तर पिस्टनला भोक पडतं, इंजिन जाम होतं आणि मागचं चाक जागीच धरतं.

सर म्हणाले, "कुणी बांधली ही? माणूस आहे का कसाई?"

मी गप्प बसले. अप्पा, मी गप्प बसले.

गाडी अजून इथेच आहे. टायमिंगची प्लेट वाटेत सरकली असेल का? तुमच्याकडून कळल्याशिवाय मी हात लावणार नाही.

तुमची,
शिवकन्या


नांदेड,
१० जानेवारी

चि. शिवकन्या हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. तुझ्या अव्वाला वाचून दाखवलं, कसाई आला तिथं मी खोकलो.

तुझ्या सायबाला सांग, गाडी रस्त्यावर पळायसाठी असते, खुंट्याला बांधायसाठी न्हाई. पट्ट्यानं आवळून चाबूक मारला तर बैल बी कण्हतोय. तुमच्या शेडवर पत्रा हाय का? पत्र्याखाली कुकर बी तोफेवानी वाजतो. अन् लातूरचं पेट्रोल एकदा नाकानं बघ.

मी टायमिंग कसं लावतो तुला ठाव हाय. गिऱ्हाइकाला चालवाय द्यायची, आपण मागं बसायचं. बायपासच्या चढाला फुल्ल पीळ. प्रत्येक फेरीला प्लेट जरा जरा पुढं, म्हंजे ठिणगी जरा आधी. इंजिन कुरकुरलं की समजायचं लई झालं, तिथून अर्धा दोरा मागं. तीस वर्षं हेच करून राहिलो. दिवा न्हाई, माइक न्हाई. तुझी पदवी ह्याच कानावर झाली.

तुमचं मशीन पाच वर्षांचं, माझा कान छप्पन्नचा. कुणाचं ऐकायचं ते शिकलेल्या माणसानं ठरवावं.

अव्वा विचारते, जेवण बरं भेटतं का. थंडीत दही खाऊ नको.

अप्पा


लातूर,
१९ जानेवारी

ती. अप्पांस,
शरणार्थ.

पेट्रोल बदललं. शेडचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवून पुन्हा चाचणी घेतली. तोच आवाज, तेच नऊ अंश.

तरीही मी तुमचंच खरं धरून चालले होते. पण शुक्रवारी नांदेडची आणखी दोन मुलं आली, दोघांच्या गाड्या तुमच्या हातच्या. एक गाडी दोन हजार बावीसची, तिची ठिणगी दोन अंश आधी. दुसरी तेवीसच्या दिवाळीतली, पाच अंश आधी. प्लेट सरकली असावी हा माझा तर्क खोटा ठरला. टायमिंग लागलं की तुम्ही स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब देता. तिन्ही गाड्यांवर तो जसाच्या तसा होता, तडासुद्धा गेलेला नव्हता. म्हणजे तुम्ही लावलं तिथेच ते आहे.

ठिणगी आधी पडली की गाडी सिग्नलवरून टुणकन उडी मारते. पोरांना तेच हवं असतं. शाळेत असताना मी तुमच्या गॅरेजात बसून अभ्यास करायचे, तेव्हा अशी पोरं यायची आणि तुम्ही त्यांना हाकलून द्यायचात. "उडी पाहिजे तर बेडूक घ्या, गाडी नका घेऊ." हे वाक्य मी कॉलेजच्या मुलाखतीतही सांगितलं होतं.

आता तुम्हीच त्यांना उडी द्यायला लागलात का? गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल म्हणून? तसं असेल तर मला कळलं पाहिजे. एखादा मुलगा ह्यात मरू शकतो. दोन दिवस मी जेवताना हाच विचार करते, माझे अप्पा हे करू शकतात का, आणि ताटावरून उठते.

नाही म्हणा. एका ओळीत नाही म्हणा, मी विश्वास ठेवीन.

शिवकन्या


नांदेड,
२२ जानेवारी

चि. शिवकन्या हिस,
आशीर्वाद.

हाव, खरं हाय. मुद्दाम ठेवलं. पोरं मागतात, मी देतो. धंदा हाय. तुझ्या पुस्तकात न्हाई बसायचं ते.

मास्तरची गाडी तुझ्या मनाप्रमाणं लावून दे. बाकीच्यांच्या भानगडीत पडू नको. ह्या गोष्टीवर आता पत्र नको.

अप्पा


लातूर,
५ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
शरणार्थ.

तुम्ही नको म्हणालात म्हणून दोन आठवडे लिहिलं नाही. तुमचं पत्र मी बॅगेत ठेवलं होतं आणि रोज काढून बघत होते, अक्षर तुमचंच आहे का.

पण आता गप्प राहता येत नाही.

सत्तावीस तारखेला हिमायतनगरच्या रस्त्यावर आनंदराज नावाच्या मुलाची गाडी चालता चालता जाम झाली. मागचं चाक धरलं, तो फरफटत गेला. गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं, गाल सोलला. मागून ट्रक येत नव्हता म्हणून वाचला. गाडी तुमच्या हातची, मागच्या ऑगस्टमधली. हे तुम्हाला माहीत असणारच. मला मात्र अश्वजित सरांकडून कळलं, शनिवारी ते त्यांची गाडी न्यायला आले तेव्हा. तिथेच त्यांना सांगून टाकलं की भीमाशंकर अप्पा माझे वडील आहेत.

त्यांनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ताई, एक सांगू का? रागावू नका. माझ्या गाडीचं टायमिंग लावलं त्या दिवशी मी चालवत होतो, अप्पा मागं बसले होते. बायपासच्या चढाला इंजिनातून खडखड यायला लागली. मी नवखा, पण मलाही ऐकू आली. मी ओरडलो, 'अप्पा, ही खडखड कसली?' त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, 'हाव हाव, लई गोड! अजून पीळ!' मला वाटलं, एवढा मोठा मिस्त्री, त्यांना कळत असेल."

ते गेल्यावर मी तिन्ही गाड्यांचे कागद टेबलावर तारखेप्रमाणे ओळीत लावले. बावीस साली दोन अंश. तेवीसच्या दिवाळीत पाच. चोवीसच्या ऑक्टोबरात नऊ. मुद्दाम करणारा माणूस सगळ्यांना सारखंच करील. दर वर्षी थोडं थोडं वाढत जाणार नाही.

मग एकेक आठवायला लागलं. दोन वर्षांत तुम्ही माझ्याशी फोनवर एकदाही बोलला नाहीत. दिवाळीत घरी आले तेव्हा मी बोलत असताना तुम्ही सारखे माझ्या तोंडाकडे बघत होतात. मला वाटलं, लेक किती दिवसांनी दिसली म्हणून डोळे भरून बघताहेत. मागे स्वयंपाकघरातून मी तीन वेळा हाक मारली, शेवटी अव्वानं तुमच्या खांद्याला हात लावला. मी हसले होते.

अप्पा, इंजिन कुरकुरतं ते तुम्हाला ऐकू येतं का? हो की नाही, एवढंच लिहा.

तुमची,
शिवकन्या


नांदेड,
९ फेब्रुवारी

लेकी शिवकन्या,

न्हाई येत.

चार दिवस कागद समोर घेऊन बसलो. तुझी अव्वा म्हणली, आता लिवून टाका. तिला पहिल्यापासून ठाव हाय. तिनंच सांभाळून घेतलं मला.

कधी सुरू झालं सांगता येत न्हाई. कुकरच्या शिट्ट्या गेल्या. मग कंडक्टरची घंटी. तीस वर्षं मोकळ्या सायलेन्सरच्या तोंडाशी मुंडी घालून बसलो, त्याचं हे फळ. बाप्या माणसाचा जाड आवाज अजून येतो. गॅरेजात सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळं कुणाला पत्ता लागला न्हाई. पण बायकांचा बारीक आवाज जातो गं. फोनवर तू बोलायचीस ते भिंतीपलीकडं कुणी पुटपुटल्यावानी. सगळ्या जगात आधी तुझाच आवाज गेला. म्हणून पत्राचा कायदा काढला. तुला त्याचा मान वाटला, अन् मला शरम.

टायमिंगचं खरं सांगतो. प्लेट पुढं नेत गेलो अन् कुरकुर व्हायची वाट बघत ऱ्हायलो. झालीच न्हाई. पहिल्या वर्षी मला वाटलं, आपला हात बसला, इंजिन बेस सोसून राहिलं. खुशीत होतो. मागून समजलं, कानच गेलाय. तवा तो दिवा आणाय पाहिजे होता. पण दिवा बघून गिऱ्हाइकानं विचारलं असतं, अप्पा, कानाला काय झालं? एवढ्या एका सवालाला भ्यालो. मग अंदाजानं लावत गेलो. गलती न्हाई, गुन्हाच हाय.

तू मला बेइमान समजलीस तवा मी हाव म्हणलो. बेइमान मिस्त्री चालतो, बहिरा चालत न्हाई.

आनंदराजच्या घरी जाऊन आलो. हात गळ्यात बांधलाय. त्याच्या आईनं च्या दिला, म्हणली, अप्पा, तुम्ही कशाला तरास घेतला, रस्ताच वाईट हाय. च्या पिऊन आलो.

आता एकच मागणं हाय. तीन वर्षांत तीसेक गाड्या बांधल्या. त्या तू एकेक करून लातूरला बोलव, ताकद मोजू म्हणावं, अन् गुपचूप नीट करून दे. मी हितून पाठवत राहतो. नवी गाडी बांधणार न्हाई, शब्द देतो. पण नांदेडात बोलू नको. माझ्यापाशी नावाशिवाय दुसरं काही न्हाई. एवढं झाक.

तुझा,
अप्पा


लातूर,
११ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
शरणार्थ.

तुमचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. स्टँडवरच उभ्यानं वाचलं. हरिओमकाकांनी विचारलं, "काय गं, घरी सगळे बरे आहेत ना?" मी हो म्हणाले आणि मग तिथल्या बाकावर खूप रडले. तुमचं काही कमी झालं म्हणून नाही. मी दोन वर्षं तुम्हाला लांबलचक पत्रं लिहिली, स्वतःच्या पदवीवर खूश होत राहिले, आणि तुम्ही तिकडे एकटे असे जगत होतात.

तुमच्या मागण्यावर मी खरोखर विचार केला. करावं असंच वाटत होतं. पण आमच्या डायनोवर दिवसाला दोन गाड्या होतात, आणि त्यांतली एखादीच नांदेडची असते. तुमच्या तीस व्हायला उन्हाळा संपेल. ज्याला ताकद मोजायची हौस नाही तो येणारच नाही. जो येणार आहे तो लातूरपर्यंत त्याच गाडीवर बसून, फुल्ल पीळ देत येणार. आनंदराजची आई रस्त्याला दोष देतेय, अप्पा. तुम्ही तिचा चहा पिऊन आलात. उद्या दुसऱ्या कुणाची आई तेच म्हणेल, आणि तेव्हा ते आपल्या दोघांनाही माहीत असेल.

सकाळी राजशेखर सरांना सगळं सांगितलं. ज्याला ते कसाई म्हणाले तो माझा बाप आहे आणि त्याला ऐकू येत नाही, हेही. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "मी कुणाला काय बोललो!" मग टायमिंगचा दिवा काढून माझ्या हातात दिला. "रविवारी नांदेडला घेऊन जा."

तुमच्या गिऱ्हाइकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, तुम्हाला माहीत नसेल. नाव 'अप्पांच्या गाड्या', अश्वजित सरांनी केलेला. चौतीस जण आहेत. त्यांनी मला त्यात घेतलं. आज सकाळी अकरा वाजता मी तिथे हे लिहिलं:

"मी शिवकन्या, भीमाशंकर अप्पांची मुलगी. अप्पांचा कान गेला आहे. इंजिनाची कुरकुर त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे दोन हजार बावीसपासून त्यांनी बांधलेल्या गाड्यांचं टायमिंग फार पुढे आहे. आनंदराजची गाडी जाम झाली ती बहुतेक ह्यामुळेच. त्याची मी वडिलांच्या वतीने माफी मागते. टायमिंग तपासल्याशिवाय कुणीही गाडी चाळीसच्या वर नेऊ नये, चढाला पूर्ण पीळ देऊ नये. रविवारी सकाळपासून मी गॅरेजमध्ये दिवा घेऊन बसते. गाड्या हळू आणा, शक्य असेल तर टेम्पोत घालून आणा."

पाठवल्यावर वीरेश नावाच्या मुलानं विचारलं, "ताई, मस्करी आहे का?" एकानं शिवी दिली. एकानं लिहिलं, "तीन वर्षं आमच्या जिवावर प्रयोग चालला होता तर." त्याला मी उत्तर दिलं नाही, त्याचं बरोबर आहे. दोघांनी फक्त गाडीचा नंबर आणि "रविवारी येतो" एवढंच लिहिलं. आनंदराजनं संदेश वाचल्याची खूण दिसते.

मी आले की तुम्ही गॅरेज उघडाल की कुलूप लावून आत बसाल, मला माहीत नाही. कुलूप असेल तर दारासमोर रस्त्यावर बसेन.

हे पाकीट तुमच्या हातात पडेल तोवर नांदेडभर कळलेलं असेल. आधी तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि तुमचं नको मला मोडता आलं नसतं. म्हणून ग्रुपवरचं ते आधी पाठवून दिलं, आणि मग हे पत्र लिहायला बसले.

तुमची,
शिवकन्या